हलती चित्रे, फ्रॅक्टल आणि बंगळूरचे नासिर अहमद

आपाच्या निकाहची सीडी आमच्या मिरजगावच्या घरी कपाटात अजून आहे. वर स्केचपेनने आपाचे आणि दुलाभाईंचे नाव, खाली २००३. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात तेव्हा कॅमेऱ्याचा मोबाइल कुणाकडे पाहिल्याचे मला आठवत नाही. शूटिंगवाला खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेऊन आला, त्याच्या मागे दिवा धरणारा एक पोरगा. पंधरा दिवसांनी कॅसेटची सीडी करून मिळाली. त्या सीडीत आमच्या दादीचे हलते चित्र आहे आणि तिचे जगात तेवढेच आहे. २००५ साली ती गेली.

काझीसाहेबांनी निकाह लावला, दुआ झाली आणि मंडपात खारका उधळल्या. पोरे एकमेकांच्या अंगावरून धावली. बायकांच्या बाजूला कनातीपाशी बसलेली दादी नेमकी तेव्हा कॅमेऱ्याकडे वळून हसते, आणि नेमके तेव्हाच सगळे चित्र चौकोनांनी भरून जाते. चेहऱ्याच्या जागी फरशी बसवल्यासारखे तुकडे. खारका थांबल्या की चित्र पुन्हा नितळ होते, पण तोवर दादीने तोंड फिरवलेले असते. सीडीवर ओरखडा असेल असे आम्हाला वाटायचे. रुमालाने पुसली, ओल्या कापडाने पुसली, कुणी सांगितले म्हणून टूथपेस्टही लावून पाहिली. चौकोन तिथेच.

एरवी मी जुन्या मशिदी, कबरी आणि सनदा यांवर लिहितो. पण ते चौकोन कुठून आले याचाही एक इतिहास आहे. त्यात एक हरलेले सुंदर गणित आहे आणि दख्खनचा एक माणूस आहे, म्हणून हा लेख.

आधी थोडा हिशेब. आपल्याकडच्या व्हिडिओ सीडीत एक चित्र म्हणजे आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके. एकूण एक लाखाच्या वर. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन आकडे धरले तर एका चित्राला सुमारे तीन लाख आकडे लागतात, आणि हालचाल दिसायला सेकंदाला अशी २५ चित्रे हवीत. ही चित्रमालिका जशीच्या तशी भरली तर ७०० एमबीच्या सीडीत जेमतेम दीड मिनिट बसेल. काझीसाहेब खुतबा सुरू करतील आणि सीडी संपेल. प्रत्यक्षात त्या सीडीत तासाहून जास्त शूटिंग बसते, म्हणजे कुणीतरी ते सुमारे पन्नासपट दाबून बसवले आहे. हे दाबणे कसे करायचे, यावर १९८० च्या दशकात दोन वाटा समोरासमोर आल्या. एक वाट तेव्हा फार गाजली. दुसरीचे नाव आजही कुणाला ठाऊक नसते.

गाजलेली वाट फ्रॅक्टलची. हा शब्द बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९७५ साली घडवला. मँडेलब्रॉट वॉर्सा शहरात एका ज्यू घरात जन्मले, लहानपणी घरच्यांबरोबर फ्रान्सला गेले आणि पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीत काम करत राहिले. १९६७ साली त्यांनी एक साधा वाटणारा प्रश्न विचारला होता, ब्रिटनचा किनारा किती लांब आहे? मोजपट्टी जितकी लहान घ्याल तितका किनारा लांब भरतो, कारण मोठ्या वळणात लहान वळण असते आणि लहानात त्याहून लहान. ढग, डोंगर, झाडे, नद्या यांचे असेच असते. तुकडा उचलून जवळून पाहिला तर तो अख्ख्यासारखाच दिसतो.

हे नुसत्या पुनरावृत्तीपेक्षा वेगळे आहे. दर्ग्याच्या दगडी जाळीत एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, पण ती त्याच मापाची असते. फ्रॅक्टलमध्ये तीच नक्षी लहान होऊन मोठीच्या पोटात बसते. नगरहून नाशिकच्या बाजूला गेलात तर सिन्नरला गोंदेश्वराच्या देवळासमोर थोडा वेळ उभे राहा. भूमिज पद्धतीचे शिखर आहे. मोठ्या शिखराच्या अंगावर चिमुकल्या शिखरांच्या रांगा चढत जातात, प्रत्येक चिमुकले शिखर पुन्हा शिखरच. मुंबईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे कीर्ती त्रिवेदी यांनी १९८९ साली हिंदू मंदिरांच्या रचनेकडे फ्रॅक्टल म्हणून पाहणारा एक लेख संगणकचित्रांच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहिला होता. ते देऊळ घडवणाऱ्या पाथरवटाला हा शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते. पण थोडक्या नियमांतून मोठी आकृती कशी उभी करायची हे त्याच्या हाताला माहीत होते.

याच गोष्टीतून चित्रे दाबण्याची कल्पना निघाली. अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेत मायकेल बार्न्सली नावाचे इंग्रज गणितज्ञ होते. त्यांनी नेच्याचे एक पान काढून दाखवले. विहिरीच्या कडेला उगवते तसले, बारीक बारीक पात्यांचे. संगणकाच्या पडद्यावर ते हुबेहूब दिसे, पण संगणकात त्याचे चित्र कुठेच साठवलेले नव्हते. साठवलेले होते ते फक्त चार नियम: पान एवढे लहान करा, एवढे फिरवा, इथे ठेवा. एका नियमाला सहा आकडे, चार नियमांना चोवीस. चोवीस आकड्यांत अख्खे पान.

एका पानाचे असे होते तर निकाहच्या फोटोचे का होणार नाही? बार्न्सलींनी अॅलन स्लोन यांच्याबरोबर १९८७ साली इटरेटेड सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि जानेवारी १९८८ मध्ये ‘बाइट’ या गाजलेल्या संगणक मासिकात लेख लिहिला. दावा होता चित्र दहा हजार पटीपर्यंत दाबता येण्याचा. खळबळ माजली नसती तरच नवल. पण बारकाईने वाचणाऱ्यांना त्यातली अडचण दिसली. नियमांवरून चित्र काढणे सोपे होते, पण चित्रावरून नियम शोधणे हे महाकठीण काम होते. एकेका गुंतागुंतीच्या रंगीत चित्राला त्या काळच्या दमदार यंत्रावर शंभरेक तास लागत, तेही बाजूला माणूस बसवून. जाणकारांत एक विनोद फिरत असे. पद्धत सोपी आहे, एक पीएचडीचा विद्यार्थी घ्या, त्याला चित्र आणि संगणक देऊन खोलीत कोंडा आणि नियम सापडले की दार उघडा.

खोलीचे दार उघडले ते खरोखरच एका विद्यार्थ्याने. आर्नो जॅकँ हे बार्न्सलींचे विद्यार्थी. अख्ख्या चित्राला अख्ख्या चित्राची उपमा शोधण्याचा नाद त्यांनी सोडला. चित्राचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक लहान चौकोनासाठी त्याच चित्रात कुठेतरी दुप्पट आकाराचा, त्याच्यासारखा दिसणारा तुकडा शोधायचा. तो निम्मा करायचा, हवा तर फिरवायचा किंवा उलटा करायचा, उजळ-अंधार थोडा बदलायचा. साठवायचे ते एवढेच, की या चौकोनासाठी तिकडचा तुकडा घ्या आणि त्याचे असे असे करा. दादीच्या ओढणीची एक घडी दुसऱ्या मोठ्या घडीतून, मंडपाच्या कापडाची किनार कनातीच्या किनारीतून. माणसाच्या मदतीशिवाय यंत्राला जमणारी ही पहिली रीत, आणि पुढचे सगळे काम तिच्यावरच उभे राहिले.

आता सीडीवर चित्र नाही, नुसत्या सूचना आहेत, आणि त्या सूचना चित्रालाच चित्राकडे बोट दाखवतात. मग सुरुवात कुठून करायची? इथे पोलिश गणितज्ञ स्टेफान बानाख यांचा १९२२ सालचा सिद्धान्त मदतीला येतो. सूचना जर दरवेळी अंतर कमी करणाऱ्या असतील, तर सुरुवात कुठूनही करा, शेवट एकाच जागी होतो. कोऱ्या पडद्यापासून सुरू करा नाहीतर म्हशीच्या फोटोपासून. सूचना पुन्हा पुन्हा लावत गेलात की आठदहा फेऱ्यांत म्हैस विरते आणि नवरी उमटते. मला हे पहिल्यांदा समजले तेव्हा मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या होत्या.

चित्र उलगडणे भराभर होते, रखडते ते दाबणे. म्हणून ही पद्धत एका जागी मात्र चपखल बसली. मायक्रोसॉफ्टचा एनकार्टा हा सीडीवरचा ज्ञानकोश १९९३ साली आला, तेव्हा त्यातल्या हजारो चित्रांसाठी फ्रॅक्टल पद्धत वापरली होती. दाबायचे एकदा आणि पाहायचे लाखो लोकांनी. अशा ठिकाणी दाबायला आठवडा लागला तरी कुणाचे काही अडत नाही.

हलत्या चित्रांचे तसे नव्हते. प्रयत्न मात्र जिद्दीने झाले. सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र समजून दाबायची, पण मग शेजारच्या दोन फ्रेम जवळपास सारख्याच असतात याचा फायदा वाया जातो. कॅनडाच्या लाझर आणि ब्रुटन यांनी १९९४ साली वेगळाच विचार मांडला. फ्रेमची चवड एकावर एक रचा, म्हणजे एक ठोकळा तयार होतो. लांबी, रुंदी आणि तिसरी बाजू वेळेची. मग चौकोनांऐवजी या ठोकळ्याचेच लहान ठोकळे पाडा आणि सारखेपणा जागेबरोबर काळातही शोधा. म्हणजे खारका उडतानाचा अर्ध्या सेकंदाचा तुकडा दुसऱ्या एका सेकंदाच्या तुकड्यातून काढायचा. आणखी काहींनी या फ्रेमच्या चौकोनासाठी जोडीदार आधीच्या फ्रेममध्ये शोधायला सुरुवात केली. १९९८ साली कोरियातल्या संशोधकांनी तर काही फ्रेमचा गट करून प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमवर आणि पहिली फ्रेम शेवटच्या फ्रेमवर टेकवली. गोल बसलेल्या पोरांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवावेत तशी ती साखळी. या साऱ्यात बुद्धीची कमाल होती.

तरीही गाडे अडले. का अडले हे आपल्याच सीडीच्या मापावर पाहू. ३५२ बाय २८८ च्या चित्रात आठ बाय आठचे १५८४ चौकोन पडतात. प्रत्येकासाठी सोळा बाय सोळाचा जोडीदार हवा. तो चित्रात ९२ हजार जागी असू शकतो आणि प्रत्येक जागी फिरवून-उलटवून आठ तऱ्हांनी बसू शकतो. कुठलीही जागा न वगळता शोधायचे ठरवले तर एका फ्रेमला ११६ कोटींहून जास्त तुलना होतात, आणि अशा सेकंदाला २५ फ्रेम. शोध आखूड करण्याच्या पुष्कळ युक्त्या निघाल्या, त्यांवर प्रबंधांचे ढीग लिहिले गेले. तरी १९९० च्या दशकातल्या यंत्रांवर एका मिनिटाचे चित्रण दाबायला पंधरा तासांपर्यंत वेळ लागे. एका तासाच्या कॅसेटला ९०० तास, म्हणजे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवून सदतीस-अडतीस दिवस. आमच्या शूटिंगवाल्याकडे त्या हंगामात किती लग्ने असतील कोण जाणे. आणि आमच्याकडची वीज त्या काळात सलग अडतीस तास टिकली तरी आम्ही शुक्र अदा केला असता.

आता दुसरी वाट. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा. १९६१ साली तिथल्याच विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते पदवीधर झाले, मग अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात १९६६ साली पीएचडी. दोन वर्षे हनीवेल कंपनीत काढली आणि १९६८ पासून कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. तिच्यावर काम करण्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. पैसे मिळाले नाहीत. तपासणाऱ्यांपैकी एकाचे म्हणणे पडले की ही कल्पना फारच सोपी दिसते. अहमद यांनी पुढे १९९१ साली एका छोट्या लेखात हे स्वतःच सांगितले आहे, आणि कडवटपणे नव्हे. १९७३ चा उन्हाळा त्यांनी अनुदानाशिवाय याच कामात घालवला. सोबत त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्ससमधले मित्र के. आर. राव. जानेवारी १९७४ मध्ये तिघांच्या नावाने लेख छापून आला. पाने अवघी चार. नाव ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, सगळे जग त्याला डीसीटी म्हणते.

सोपी होती हे खरेच होते. घरातला मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा. वाट्या ठरलेल्या असतात, भाजी कुठलीही असो. डीसीटीत आठ बाय आठच्या चौकोनासाठी अशा चौसष्ट वाट्या आहेत. एका वाटीत सपाट रंग, पुढचीत हलका चढउतार, त्यापुढे पट्टे आणि शेवटच्या वाट्यांत अगदी बारीक चौकटी. कुठलाही चौकोन घ्या, तो या चौसष्ट नमुन्यांच्या मिसळणातून तंतोतंत तयार होतो. अहमद यांच्या पद्धतीची करामत अशी, की नेहमीच्या चित्रांत जवळपास सगळी चव पहिल्या दहाबारा वाट्यांतच असते. बाकीच्यांतून लागते ते चिमूटभर. ती चिमूट टाकली नाही तर जेवणाऱ्याला कळतही नाही. याहून सरस मिसळण देणारी एक रीत गणितज्ञांना आधीपासून माहीत होती, पण तिच्यात प्रत्येक चित्रासाठी वाट्याच नव्याने भराव्या लागत. डीसीटी तिच्या अगदी जवळ पोचत होती, आणि डबा मात्र कायम तोच.

शोधाशोध काही नाही. प्रत्येक चौकोनाला ठरलेल्या संख्येची बेरीज-गुणाकार, दरवेळी तेवढीच. हे काम स्वस्तातल्या चिपवर बसवता येत होते. १९८८ साली व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी एच.२६१ हे मानक ठरले त्यात डीसीटी होती. १९९२ च्या जेपेगमध्ये तीच, १९९३ च्या एमपेग-१ मध्ये तीच. आमची सीडी या एमपेग-१ ची लेक. त्यात दोन गोष्टींची जोडी आहे: आधीच्या फ्रेममधला कुठला चौकोन सरकून कुठे गेला ते सांगायचे, आणि उरलेला फरक डीसीटीने लिहायचा.

फ्रॅक्टलवाल्यांनी पेटंट घेऊन दारे बंद केली आणि म्हणून ते हरले, असे लिहिणारे भेटतात. पेटंटे होती, खरे आहे, आणि अहमद यांनी आपल्या रीतीवर कुणाकडून दाम मागितले नाहीत हेही खरे. पण एमपेगच्या अवतीभवतीही पेटंटांचे जंगल होतेच. माझ्या मते निकाल लावला तो वेळेने. शिवाय दहा हजार पटीचा आकडा निवडक, हाताने जमवलेल्या चित्रांचा होता. साध्या फोटोवर फ्रॅक्टल काही दहापटीच दाबत असे, आणि तेवढे तर जेपेगही क्षणात करत होते.

इटरेटेड सिस्टिम्सने तरी हार मानली नव्हती. त्यांची ‘क्लिअरव्हिडिओ’ ही हलत्या चित्रांची पद्धत १९९६-९७ च्या सुमारास इंटरनेटवर रिअलप्लेअरसोबत पोचली. तिची जाहिरात फ्रॅक्टल म्हणूनच होत असे. आतले गुपित बाहेर यायला सुमारे वीस वर्षे लागली. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी जुन्या फाइली उघडता याव्यात म्हणून तिची उकल केली, तेव्हा आत काय निघावे? आधीच्या फ्रेममधून तुकडे उचलण्याची झाडासारखी रचना होती, पण ज्यांच्यावर सगळे टेकलेले असते ती पूर्ण चित्रे आठ बाय आठच्या चौकोनांत चक्क डीसीटीने लिहिलेली. प्रतिस्पर्ध्याच्या घरात चूल नासिर अहमदांची पेटत होती.

आपल्याकडे मुसलमानांनी विज्ञानाला काय दिले याचे संदेश दर शुक्रवारी मोबाइलवर येतात. त्यांत हजार वर्षांपूर्वीचे अल-ख्वारिज्मी असतात, इब्न अल-हैसम असतात. त्यांचा मान मोठाच आहे. पण तो संदेश ज्या चित्रावर छापलेला असतो ते चित्र जेपेग असते, आणि जेपेगच्या पोटात बंगळूरच्या माणसाची कल्पना असते, हे पाठवणाऱ्याच्या गावी नसते. २०२१ साली ‘धिस इज अस’ या अमेरिकी मालिकेने अहमद आणि त्यांच्या पत्नी एस्थर यांची कथा एका भागात दाखवली, तेव्हा कुठे काही लोकांच्या तोंडी नाव आले. आता ते संदेशांत येऊ लागेल. येईल तेव्हा नटराजन आणि राव यांची नावे गाळली जातील अशी मला भीती आहे. चार पानांच्या त्या लेखावर तिघांची नावे आहेत.

तर ते चौकोन. खारका उडाल्या, पोरे धावली, चित्रात एकदम सगळे बदलले. आधीच्या फ्रेममधून उचलण्यासारखे काही उरले नाही आणि सीडीचा वेग तर बांधलेला, सेकंदाला तेवढेच आकडे. मग यंत्राने शेवटच्या वाट्या फेकल्या, मधल्या फेकल्या, आणि एकेका चौकोनाला सपाट रंगाची एकच वाटी उरली. दादीचे हसू त्या फेकलेल्या वाट्यांत होते. कितीही टूथपेस्ट लावली तरी ते सीडीवर नव्हतेच.

फ्रॅक्टल पुरते मेलेले नाही. त्याचा एक गुण डीसीटीत नाही. सूचनांना माप नसते, त्यामुळे चित्र मूळच्या दुप्पट-चौपट आकारातही काढता येते. याच गुणावर १९९० च्या दशकात फोटो मोठे करण्याचे ‘जेन्युइन फ्रॅक्टल्स’ हे सॉफ्टवेअर निघाले आणि छपाईवाल्यांत बराच काळ चालले. मात्र त्या मोठ्या चित्रात दिसणारी बारीक नक्षी मुळात टिपलेली नसते. मोठे असे आहे तर बारीक असेच असेल, या अंदाजाने ती भरलेली असते. आजचे एआयवाले फोटो-सुधारकही अंदाजानेच भरतात, फक्त अंदाज कशावरून बांधायचा ते वेगळे.

गेल्या वर्षी अब्बांसाठी मी ती फ्रेम घेऊन एका फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्याने दोन मिनिटांत चौकोन घालवले. गाल गुळगुळीत, डोळे स्पष्ट, हसू अगदी सुबक. फ्रेम करून घरी आणली. अब्बांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, बराच वेळ पाहिले.

“अच्छी है,” ते म्हणाले, “पन अम्मा नै.”

मग त्यांनी सीडीच लावायला सांगितली. आमच्याकडचा जुना प्लेअर अजून चालतो. खारकांचा भाग आला तसे ते पुढे सरकून बसले. एका चौकोनात, हनुवटीच्या डाव्या बाजूला, बाकीच्यांपेक्षा थोडा काळसर ठिपका दिसतो. तिथे दादीचा तीळ होता. फ्लेक्सवाल्याच्या फोटोत तो डाग समजून पुसला गेला होता.